चेंबर नटाचे आटे गेले? ऑफ-रोड गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला की नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गॅरेजात चिखलाने माखलेल्या फोर-बाय-फोर गाड्या यायला लागतात. कुणी अप्पर वैतरणेच्या कडेने फिरून आलेलं असतं, कुणी पहिन्याच्या भातखाचरांजवळून, कुणी थेट हरिहरच्या पायथ्याहून. बहुतेकांना फक्त तेल बदलायचं असतं. त्यातल्या काही गाड्यांचा चेंबर नट, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा (चेंबरचा) तेल सोडायचा नट, सुटताना आटे सोबत घेऊनच येतो. मग फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. उत्तरं इतक्या वेळा देऊन झाली आहेत की आता ती एका जागी लिहून ठेवतो आहे.

आटे गेले आहेत हे ओळखायचं कसं?

नट आवळताना हाताला आधी विरोध लागतो, मग तो वाढत जातो आणि एका जागी नट थांबतो. आटे गेले असतील तर विरोध वाढता वाढता अचानक हात सैल पडतो आणि नट नुसता फिरत राहतो. हा सैलपणा एकदा हाताला कळला की पुन्हा विसरत नाही.

दुसरी खूण नट काढल्यावर दिसते. उजेडात धरून त्याच्या आट्यांत बघा. चांदीच्या बारीक तारेसारखी गुंडाळी अडकलेली दिसली, तर ती अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरच्या आट्यांची आहे. नखाने ओढली तर स्प्रिंगसारखी उलगडत येते. ती दिसल्यावर नवा नट आणून उपयोग नाही, कारण खराबी नटात नाही. उलट नटाचेच आटे झिजलेले असतील आणि भोकातले आटे शाबूत असतील, तर नवा नट आणि नवा वॉशर एवढ्यावर भागतं. खात्री करायची असेल तर त्याच मापाचा कोरा नट भोकात हाताने फिरवून बघा. तो पाच-सहा फेरे डगडग न करता आत गेला तर चेंबर वाचला आहे.

मी तर नेहमी घट्ट आवळतो, तरी आटे का जातात?

घट्ट आवळता म्हणूनच जातात. बहुतेक लोकांचा असा समज असतो की नट जितका घट्ट, तितकं तेल अडतं. तेल अडवण्याचं काम नटाच्या आट्यांचं नाहीच. ते काम वॉशरचं आहे. नटाने फक्त वॉशर दाबून धरायचा असतो. वॉशर पुरेसा दबला की त्यापुढचा सगळा जोर आट्यांवर जातो. नट पोलादाचा आणि चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर हरतं अ‍ॅल्युमिनियम. भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. डोक्याजवळचे पहिले दोन-तीन आटे त्यातला मोठा वाटा उचलतात, म्हणून आधी तेच कापले जातात, मग पुढचे.

हे एका दिवसात होत नाही. दर तेलबदलाला थोडं थोडं होतं. मागच्या वेळी जुनाच वॉशर ठेवला, तो गळला, म्हणून आणखी अर्धा फेरा आवळला. त्याच्या पुढच्या वेळी अजून थोडा. शेवटी ज्याच्या हातात आटे जातात, तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. नुकसान त्याच्या आधीच्या चार-पाच हातांनी केलेलं असतं.

आपल्याकडच्या गाड्यांना आणखी एक कारण आहे ते म्हणजे माती. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातला चिखल आणि मुरूम स्किड प्लेट (चेंबरखालचा संरक्षक पत्रा) आणि चेंबरच्या मध्ये जाऊन बसतो आणि वाळला की दगड होतो. नट न पुसता उघडला की हा कचकचीत मुरूम भोकात शिरतो. मग नट परत बसवताना तो कानशीसारखं काम करतो. नटाला पाना लावायच्या आधी तारेचा ब्रश आणि फडकं लावा, यात जेमतेम दोन मिनिटं जातात.

तिसरं कारण हवेच्या गनने नट बसवण्याचं. गनने नट काढण्यालाही माझा विरोध आहे, पण गनने नट बसवणं मी माझ्या हेल्परला कधीच करू देत नाही. सुरुवातीचे तीन फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. नट तिरका लागला तर बोटांना कळतं, गनला कळत नाही.

नट गोल फिरतोय, पण बाहेर येत नाही. काय करू?

नटाच्या कॉलरखाली पातळ स्क्रूड्रायव्हर किंवा बोथट पटाशी सरकवा. खाली ओढल्यासारखा हलका ताण द्या आणि त्याच वेळी नट उलटा फिरवा. शाबूत राहिलेला एखादा आटा पकड घेतो आणि नट येतो. जोराने उचकटू नका. वॉशर बसतो त्या पृष्ठभागावर ओरखडा उमटला तर आटे दुरुस्त करूनही गळती राहील. तेल कोमट असतानाच हे काम करा. उकळतं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, हे मी स्वतः सोसलं आहे.

टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील लावून चालेल का?

नाही. टेपने आट्यांना ताकद येत नाही, फक्त सैलपणा लपतो. टेपचे तुकडे आत पडले तर ते तेलाच्या जाळीवर जाऊन चिकटतात. एम-सील लावला तर पुढच्या तेलबदलाला तो छिन्नीने फोडावा लागतो, आणि तोवर गरम-थंड होऊन, खडबडीत रस्त्यावर हादरे खाऊन तो कधी सुटेल याचा नेम नाही.

निफाडच्या एका द्राक्षबागायतदार दादांची गाडी अशीच आली होती. कुठेतरी तेल बदलताना आटे गेले होते. तिथे कुणी त्यांना काही सांगितलं नाही. एकावर एक दोन वॉशर, वर टेप, वर सिलिकॉन असं लावून गाडी परत दिली. दोन वॉशर लावले की नट तेवढाच कमी आत जातो, म्हणजे उरलेसुरले आटेही वाया. दादा म्हणाले, “भाऊ, अंगणात रोज रुपयाएवढा डाग पडतोय, एवढंच.” नट मी बोटांनी काढला. पाना लागलाच नाही. त्याच गाडीत घरची माणसं बसून सप्तशृंगीला जाऊन आली होती.

गाडी रानात आहे आणि नट सैल झालाय किंवा पडलाय. घरी कशी आणू?

आधी इंजिन बंद करा. तेलाचा लाल दिवा लागण्याची वाट पाहू नका. तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगपर्यंत तेल पोचणं आधीच कमी झालेलं असतं.

नट जागेवर असेल आणि नुसता गळत असेल, तर वॉशरच्या जागी टायरच्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा लावून नट हाताने बेताने बसवा आणि डोक्याला तार बांधून तो स्किड प्लेटला किंवा जवळच्या ब्रॅकेटला अडकवा. रबर गरम तेलात फुगतं, त्यामुळे हा इलाज डांबरी रस्त्यापर्यंत पोचण्यापुरताच. तेल भरा, दर काही किलोमीटरला थांबून डिपस्टिक बघा. नटच हरवला असेल तर गाडी ओढून आणणं हाच माझा सल्ला. लाकडाची खुंटी ठोकून लोक आले आहेत, मी त्या गाड्या पाहिल्या आहेत, पण एका खुंटीच्या भरवशावर इंजिन पणाला लावू नये.

आणि सांडलेलं तेल तसंच सोडू नका. ज्या खाचराच्या बांधावरून आपण गाडी नेतो, ते कुणाच्या तरी घरचं भाताचं रान असतं. खाली डबा ठेवा. डबा नसेल तर तेल पडलेली माती उकरून पोत्यात भरून आणा.

मोठ्या मापाचा नट मारून भागेल का?

याचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला, स्वतःच आटे पाडत जाणारा ओव्हरसाइज नट. तो बाजारात मिळतो, पाच मिनिटांत बसतो, आणि मला तो अजिबात आवडत नाही. तो जरा तिरका जातो, आत किस (धातूचे बारीक तुकडे) पाडतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला भेग पडायची भीती असते. गाडी विकायला काढलेल्या माणसाने तो लावू नये, आणि गाडी ठेवणाऱ्याने तर मुळीच नाही.

दुसरा, भोक व्यवस्थित मोठं करून पुढच्या मापाचा टॅप मारणं, म्हणजे नवे आटे पाडणं. हा सरळ आणि प्रामाणिक इलाज आहे. एम १४ × १.५ (म्हणजे व्यास १४ मिलिमीटर आणि पिच, दोन आट्यांतलं अंतर, १.५) गेला असेल तर १४.५ मिलिमीटरचं ड्रिल आणि एम १६ × १.५ चा टॅप. हिशेब सोपा आहे, बाहेरच्या व्यासातून पिच वजा केला की ड्रिलचं माप मिळतं. एम १२ × १.२५ वरून एम १४ × १.५ ला जायचं तर १२.५ चं ड्रिल लागतं. मात्र त्याआधी व्हर्निअरने भोकाभोवतीचा गड्डा, म्हणजे धातूचा जाड उंचवटा, मोजा. नवीन भोक झाल्यावर चहूबाजूंनी निदान चार मिलिमीटर धातू उरला पाहिजे, आणि नव्या वॉशरला बसायला सपाट कडं राहिलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर हा विचार सोडा.

यातला तोटा असा की आटे पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचेच राहतात. आज १४ चे गेले, उद्या १६ चे जाऊ शकतात, आणि तेव्हा मोठं करायला जागा उरलेली नसते.

मग हेलिकॉइल चांगलं की बुश?

माझं मत बुशच्या बाजूने आहे, का ते सांगतो.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या चौकटाकार तारेची गुंडाळी. आधी त्याच्या खास टॅपने मोठे आटे पाडायचे, त्यात ही गुंडाळी फिरवून बसवायची, आणि तिच्या आतल्या बाजूला तुमचा मूळ मापाचा नट जातो. ताकदीला हे उत्तम आहे, मूळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी टिकाऊ. सिलिंडर हेडमध्ये, मॅनिफोल्डच्या स्टडला मी तेच वापरतो. चेंबर नटाला दोन गोष्टी आड येतात. एक, हा नट वर्षातून एक-दोनदा, आणि पाण्यातून जाणाऱ्या गाडीचा तर त्याहून जास्त वेळा उघडतो. गुंडाळी नीट चिकटवली नसेल तर कधीतरी नटाबरोबर तीही फिरत बाहेर येते. दोन, गुंडाळीच्या तळाशी बसवण्यासाठी एक आडवी जीभ असते. ती तोडून बाहेर काढावी लागते. आरपार भोक असल्याने ती तुटून चेंबरमध्ये पडू शकते. चेंबर खाली उतरवलेला नसेल तर ती चिमट्याने धरूनच तोडायची.

हेलिकॉइल लावणार असाल तर वॉशरचं माप तपासा. एम १४ साठी गुंडाळीचे बाहेरचे आटे जवळजवळ १६ मिलिमीटरचे होतात. त्या आट्यांमागून तेल झिरपू शकतं. वॉशर त्या १६ च्या बाहेर चांगला तीनएक मिलिमीटर पसरलेला असेल तरच ती वाट बंद होते. अरुंद वॉशर लावून लोक म्हणतात हेलिकॉइल गळतं.

बुश म्हणजे लेथवर कातलेली पोलादी नळी, बाहेरून मोठे आटे, आतून मूळ माप, आणि खाली कॉलर. याबाबतीत आपण नाशिककर नशीबवान आहोत. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, मायको (आताची बॉश) आहे, अंबडपर्यंत त्यांना माल पुरवणारे छोटे कारखाने पसरलेले आहेत. त्यामुळे गल्लीबोळात लेथ आहे आणि लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलणारा माणूस आहे.

मी ज्यांच्याकडून बुश करून घेतो त्या काकांची पद्धत बघण्यासारखी आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फक्त म्हणालो, “काका, बाहेरून एम २०, आतून एम १४, दोन्हीला दीडचा पिच.” त्यांनी विचारलं, “वॉशर कुठं बसणार?” मी कॉलरवर बोट ठेवलं. तेव्हा त्यांनी बार चकमध्ये धरून आतलं भोक, आतले आटे आणि कॉलरचा खालचा चेहरा एकाच सेटिंगमध्ये केला. मधे काम चकमधून सोडलं नाही. “सोडून परत धरलं की चेहरा आट्याला काटकोनात राहत नाही. मग तू कितीही आवळ, एका बाजूनं तेल येणार.” तोवर मी गळणाऱ्या बुशला नेहमी वॉशरचा दोष देत होतो.

माप म्हणून सांगायचं तर बाहेर एम २० × १.५ आणि आत एम १४ × १.५ घेतलं की नळीची भिंत दोन मिलिमीटरच्या थोडी वर राहते, ती पुरते. बाहेर एम १८ घेतला तर भिंत एक मिलिमीटरच्या आसपास येते, ती मला कमी वाटते. एम २० साठी चेंबरला १८.५ चं भोक करावं लागतं, म्हणजे गड्डा तसा भरीव हवा. बुशची आतली कड चेंबरच्या तळाशी सपाट आली पाहिजे. ती वर डोकावली तर तेवढं जुनं, गाळाचं तेल दरवेळी आतच राहील. कॉलर खाली जितकी येते तितका नटही खाली येतो, म्हणून स्किड प्लेटच्या भोकातून तो बाहेर डोकावत नाही ना हे पाहून घ्या. दगडाने नटावर टोला दिला तर बुशसकट गड्डा फुटू शकतो.

बसवताना दोन्ही बाजूचे आटे थिनरने किंवा ब्रेक क्लीनरने कोरडे होईपर्यंत पुसायचे, बाहेरच्या आट्यांना लाल लॉकटाइट (आटे पक्के धरणारा चिकट द्रव) लावायचं, बुश कॉलर टेकेपर्यंत आवळायचा आणि एक दिवस हात लावायचा नाही. तेलकट धातूवर लॉकटाइट धरत नाही. संध्याकाळी लावून रात्री गाडी न्यायची घाई केलीत तर पुढच्या तेलबदलाला नटाबरोबर बुश हातात येईल.

टॅप मारताना किस इंजिनात जाणार नाही का?

या प्रश्नाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

“फिल्टर आहे ना, अडवेल” असं ऐकायला मिळतं. तेलाचा प्रवास नीट डोळ्यांसमोर आणा. चेंबरमधून तेल आधी जाळीतून जातं, मग ऑइल पंपात, मग फिल्टरमध्ये आणि त्यानंतर बेअरिंगकडे. म्हणजे जाळीतून निसटलेला कण फिल्टरला भेटायच्या आधी पंपाच्या दात्यांमध्ये जातो. जाळीही मोठे तुकडेच अडवते.

“चुंबक फिरवतो” हेही ऐकतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही.

शक्य असेल तर चेंबर उतरवा. मग किसाचा प्रश्नच उरत नाही, भोक ड्रिल मशीनखाली सरळ धरता येतं, आणि जाळी साफ करून होते ती वेगळीच. गाडीवरच करायचं झालं तर टॅपच्या खाचा ग्रीसने गच्च भरा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. दर दोन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसा, पुन्हा ग्रीस भरा. ग्रीसमध्ये किस अडकून येतो. ड्रिल मारायची वेळ आली तर मात्र मी गाडीवर करत नाही. खालून हातात ड्रिल धरून भोक सरळ होत नाही, आणि ड्रिलचा किस टॅपपेक्षा कितीतरी जास्त असतो.

टॅपिंग झाल्यावर नट न लावता वरून एखादं लिटर स्वस्त, पातळ तेल ओता. ते खालून पांढऱ्या स्वच्छ डब्यात धरा आणि बोटांच्या चिमटीत चोळून बघा. उन्हात चमक दिसली तर पुन्हा ओता. चमक पूर्ण थांबेपर्यंत. नवा फिल्टर लावा, आणि पहिलं तेल नेहमीपेक्षा खूप लवकर, काही शे किलोमीटरवर बदला.

माझा चेंबर पत्र्याचा आहे. त्यालाही हेच लागू?

थोडं वेगळं. पत्र्याच्या चेंबरला भोकाशी एक नट वेल्डिंगने जोडलेला असतो आणि आटे त्या नटात असतात. त्यात पुरेसं मांस असेल तर पुढचा टॅप मारता येतो. नसेल तर चेंबर उतरवून जुना नट ग्राइंडरने उडवायचा आणि नवा, जाड नट वेल्ड करायचा. पत्र्याच्या जुन्या चेंबरना हा इलाज सगळ्यात चांगला, आणि स्वस्तही.

गाडीवर असताना वेल्डिंग करू नका, कुणाला करू देऊ नका. वर तेल आहे, जवळ डिझेलच्या नळ्या आहेत, आणि आजच्या गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही आहे. वेल्डिंगआधी चेंबर धुऊन पूर्ण सुकवा. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रव्यं असतात. ती ओली असताना ज्योत किंवा आर्क लागला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो, म्हणून साबणाच्या गरम पाण्याने धुतलेलं बरं. वेल्डिंगनंतर पत्रा वाकतो. जाड काचेवर चेंबर पालथा ठेवून कडेखालून उजेड दिसतो का बघा. नट लावून चेंबरमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवलं की वेल्डिंगमधली सुईएवढी छिद्रंही कळतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला आरगन वेल्डिंगने भोक भरून नव्याने टॅपिंग करता येतं. करणारा हात चांगला असेल तर काम सुरेख होतं. मात्र तेल मुरलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वेल्डिंग फसफसतं, जाळीदार होतं. गड्डाच फुटला असेल तेव्हाच मी तिकडे जातो.

चेंबर उतरवायला खर्च किती?

गाडीवर अवलंबून आहे. पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांत डिफरन्शियल चेंबरच्या आड येतो. ॲक्सल खाली सोडावा लागतो किंवा इंजिनचे माउंटिंग ढिले करून इंजिन उचलावं लागतं, आणि मजुरी तिथेच चढते. बुशची किंमत त्यापुढे किरकोळ आहे. म्हणून चेंबर एकदा खाली आलाच तर टॅप मारून परत चढवू नका, बुशच घाला.

चढवताना सिलिकॉन बेताने लावा. आत पिळून निघालेली सिलिकॉनची शेपटी तुटते आणि जाळीवर जाऊन बसते.

जुन्या जीपला बाजारातला नट डगडगतो. वॉशर जाड लावू का?

आधी माप बघा. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली. त्या वंशातल्या जुन्या गाड्यांत इंचाचे आटे भेटतात, आणि मालक बदलत गेले तसे मधेच कुणीतरी मिलिमीटरचेही पाडलेले असतात. अर्धा इंच, इंचाला २० आट्यांचा नट म्हणजे व्यास १२.७ आणि पिच १.२७ मिलिमीटर. एम १२ × १.२५ त्याच्या इतका जवळचा आहे की इंचाच्या भोकात तो जातो, बसतोसुद्धा, पण आट्यांची फक्त टोकं पकडतो. दोनदा आवळला की टोकं गेली. व्हर्निअर आणि पिच गेज लावल्याशिवाय नट घेऊ नका. पाच रुपयांचा चुकीचा नट मी चेंबर बदलायला लावताना पाहिला आहे.

वॉशर दरवेळी नवा हवाच का?

हो. दबून बसणारे अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर एकदाच दबतात. तांब्याचा सपाट वॉशर मात्र गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. तांब्याला पाण्यात टाकल्याने कडकपणा येत नाही. काळी पुटं पॉलिश पेपरने काढा आणि वापरा. अडचणीच्या वेळी उपयोगी पडतं.

नट किती आवळायचा?

तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, तोच खरा. अंदाज म्हणून सांगतो, एम १४ च्या नटांना बहुधा ३० ते ४५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १४ किलोचा जोर दिला की सुमारे ३५ न्यूटन-मीटर होतात. पाण्याची भरलेली बादली एका हाताने उचलताना लागतो, साधारण तेवढा जोर. पान्याला पाइप लावायचा नाही, पाय तर नाहीच. टॉर्क रेंच असेल तर उत्तम, आणि आटे कोरडे व स्वच्छ ठेवा. आट्यांना तेल-ग्रीस असेल तर त्याच आकड्यावर ताण जास्त येतो.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलच्या नटांचं काय?

तत्त्व तेच. मात्र काही जुन्या गाड्यांत तिथे निमुळते पाइपचे आटे असतात. ते वॉशरवर नाही, आट्यांवरच बंद होतात. निमुळत्या भोकात सरळ नट किंवा उलट असं कधीच करू नका. आणि खालचा नट उघडायच्या आधी वरचा, तेल भरायचा नट उघडतो का बघा. वरचा जाम असेल आणि खालून तेल सोडून बसलात, तर गाडी जागची हलणार नाही.

डिपस्टिकच्या नळीतून तेल ओढून काढलं तर खालचा नट उघडायची गरजच नाही, बरोबर?

शहरात चालणाऱ्या गाडीला चालेल. पाण्यात उतरणाऱ्या गाडीला मी नको म्हणेन. पाणी तेलापेक्षा जड, ते आणि गाळ तळाशी बसतो. तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर तळ पूर्ण रिकामा व्हायलाच हवा.

सर्व्हिस करणाऱ्यांकडूनच आटे गेले तर?

गाडी तिथून हलवण्याआधी जॉब कार्डवर लिहून घ्या आणि नटाचा, भोकाचा फोटो काढा. वॉरंटीतली गाडी असेल तर बाहेर बुश वगैरे करू नका, चेंबर बदलून मागा. आणि तुमच्या मेकॅनिकने स्वतःहून सांगितलं की “साहेब, आटे गेलेत”, तर त्याच्यावर ओरडू नका. तो लपवत नाही, हे आधी लक्षात घ्या.

काढलेलं तेल कुठे टाकू?

नाल्यात नाही, शेतात नाही, गोदावरीत तर नाहीच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं. ते कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या, जे अधिकृत तेल शुद्ध करणाऱ्यांना देतं. आम्ही गाडी आमच्याकडची नसली तरी घेतो.

दुरुस्तीनंतर काय तपासायचं?

तेल भरून इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, नटाभोवती कोरडं बोट फिरवा. मग पांडवलेण्यापर्यंत एक चक्कर मारून या, म्हणजे तेल चांगलं तापेल. परत आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद कोरडा असेल तर स्किड प्लेट चढवा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोडी (जॅक स्टँड) लावा. पहिली चिखलाची फेरी झाली की प्लेट एकदा उतरवून पुन्हा बघा, आणि नटाच्या डोक्यावर व चेंबरवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.